कुठल्या रांगेत, कितवा?

मे महिना सरत आला की बेळगावात एकच प्रश्न घरोघरी फिरू लागतो. टिळकवाडीच्या चाळीत, शहापूरच्या कपड्याच्या दुकानात, खानापूर रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडे, सगळीकडे तोच. “पीयूसीला ब्याण्णव पडले, सीईटीत बरी ऱ्यांक आहे, जीआयटीला कॉम्प्युटर लागंल काय?” विचारणारा बाप गुण सांगतो आणि उत्तराची वाट बघत उभा राहतो. ज्याला विचारले तो गुण ऐकून काहीतरी अंदाज सांगतो. हा अंदाज बहुतेकदा चुकतो, कारण प्रश्नातच निम्मी माहिती नसते. ब्याण्णव टक्के ही मुलाची कमाई झाली. प्रवेशाची शक्यता मात्र तो मुलगा कुठल्या रांगेत उभा आहे, त्या रांगेत त्याच्या पुढे किती जण आहेत आणि पुढच्यांपैकी किती जण रांग सोडून जाणार आहेत, यावर ठरते.

सीमाभागात हा रांगेचा प्रश्न इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे. पुण्याच्या मुलापुढे एक राज्य असते, हुबळीच्या मुलापुढेही एकच. बेळगाव-निपाणीच्या मराठी मुलापुढे दोन राज्ये असतात, आणि दोन्हींचे नियम निराळे. हे ओझे आहे तसेच ते भांडवलही आहे. पण ते भांडवल दहावीनंतरच्या एका निर्णयात वाढते किंवा बुडते, आणि तो निर्णय घेताना बहुतेक घरांना त्याची कल्पनाही नसते.

निपाणीचेच बघा. शहर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. पण निपाणीच्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या कॉलेजात पाऊल ठेवले ते देवचंद कॉलेज अर्जुननगरला आहे, आणि अर्जुननगर हे कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात येते. शहराच्या कडेला लागूनच कॉलेज, पण राज्य दुसरे आणि विद्यापीठ शिवाजी. दहावी निपाणीत कर्नाटक बोर्डाची एसएसएलसी करून अकरावीला अर्जुननगरला गेलेला मुलगा महाराष्ट्र बोर्डाची बारावी देतो. त्याच्याच वर्गातली मैत्रीण निपाणीत राहून पीयूसी, म्हणजे कर्नाटकची अकरावी-बारावी, करते. दोघांची घरे एकाच गल्लीत, दोघांचे गुण सारखे धरले, तरी दोन वर्षांनी दोघांपुढे उघडणारी दारे वेगळी असतात.

पहिला फरक एनआयटीचा. देशातल्या एनआयटींमध्ये निम्म्या जागा त्या-त्या राज्याच्या विद्यार्थ्यांना राखीव असतात. विद्यार्थी कुठल्या राज्याचा, हे तो राहतो कुठे किंवा त्याची मातृभाषा कोणती यावरून ठरत नाही. त्याने बारावी पहिल्यांदा ज्या राज्यातून पास केली, ते त्याचे राज्य. म्हणजे अर्जुननगरचा मुलगा नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी घरचा आणि कर्नाटकातल्या सुरतकलच्या एनआयटीसाठी बाहेरचा. पीयूसीवाली मैत्रीण सुरतकलला घरची, नागपूरला बाहेरची. जेईई देणाऱ्या किती पालकांनी अकरावीचा फॉर्म भरताना ही गोष्ट विचारात घेतली असेल? आयआयटींना असा घरचा-बाहेरचा हिशेब नसतो. त्यामुळे धारवाडला २०१६ पासून आयआयटी असली तरी शेजारी म्हणून बेळगावकरांना तिथे काही वेगळे मिळत नाही.

दुसरा फरक कर्नाटकच्या सीईटीचा, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेचा. केईए, म्हणजे कर्नाटकचे परीक्षा प्राधिकरण, सरकारी जागांसाठी पात्रतेची अनेक कलमे देते. त्यातले मुख्य कलम असे: पहिलीपासून दुसऱ्या पीयूसीपर्यंतची किमान सात वर्षे कर्नाटकात शिकलेले असावे, आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून पास झालेली असावी. अर्जुननगरचा मुलगा इथे बसतो. पहिली ते दहावी निपाणीत झाली, एसएसएलसीही इथलीच. महाराष्ट्राच्या बारावीने त्याची कर्नाटकची रांग तुटत नाही.

तिसरा फरक महाराष्ट्राच्या बाजूचा. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाच्या पुस्तिकेत उमेदवारांचे ‘टाइप’ असतात. त्यातला टाइप-ई खास आपल्यासाठी आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी पास झालेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी त्यात येतो. सोबत सीमाभागातला असल्याचा आणि मातृभाषेचा असे दाखले लागतात. वैद्यकीय प्रवेशातही महाराष्ट्र या सीमाभागातल्या, आपण दावा सांगत असलेल्या ८६५ गावांच्या मुलांसाठी मोजक्या जागा ठेवतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने मागे राहिलेली ही गावे बेळगाव, कारवार, बिदर, गुलबर्गा या पट्ट्यातली. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावे असे त्यातही म्हटले होते, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. कोर्टातला दावा चालत राहिला तरी प्रवेशाच्या पुस्तिकेत त्या दाव्याची एक ओळ दर जूनमध्ये कामाला येते. आणि ती ओळ माहीत नसलेली घरे अजून आहेत, याचे मला खरोखर वाईट वाटते.

पलीकडेही नेमकी अशीच ओळ आहे. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज या महाराष्ट्रातल्या तालुक्यांतल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना कर्नाटक आपल्या सीईटीच्या रांगेत घेते, फक्त त्यांना कन्नड भाषेची परीक्षा द्यावी लागते. ‘गडिनाडू कन्नडिग’ असे त्यांना म्हणतात. दोन राज्यांनी एकमेकांच्या हद्दीतल्या आपापल्या मुलांसाठी उघडलेल्या या दोन खिडक्या समोरासमोर आहेत.

आता चंदगडकडे वळू. १९५६ पर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता, नंतर कोल्हापूर जिल्ह्यात गेला, पण बाजार, दवाखाना आणि कॉलेज यांसाठी चंदगडकर आजही बेळगावचीच वाट धरतात. तिथली मुलगी दहावीपर्यंत गावात शिकते आणि बेळगावात मावशीकडे राहून पीयूसी सायन्स करते. अभियांत्रिकीपुरते तिचे फारसे बिघडत नाही, कारण महाराष्ट्राचा अधिवास असला की तिकडची रांग तिला खुली राहते. पण तिला डॉक्टर व्हायचे असेल तर? महाराष्ट्राच्या ८५ टक्के एमबीबीएस जागांसाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. बेळगावच्या पीयूसीने तिची ती रांग गेली. कर्नाटकात सात वर्षे भरत नाहीत. म्हणजे नीटला कितीही चांगले गुण मिळवले तरी दोन्ही राज्यांच्या दारात ती परकी ठरू शकते.

तिला सोडवणारे एक कलम मात्र आहे, आणि ते मला या साऱ्या पुस्तिकेतले सर्वांत मौल्यवान वाटते. विद्यार्थ्याने पहिली आणि दुसरी पीयूसी कर्नाटकात केली असेल आणि आईने किंवा वडिलांनी किमान सात वर्षे कर्नाटकात शिक्षण घेतले असेल, तर तो पात्र धरला जातो. चंदगड-बेळगावच्या सोयरिकी जुन्या आहेत. कितीतरी घरांत आईचे माहेर कडोली, उचगाव, येळ्ळूर किंवा खुद्द बेळगावातले असते. तिने सातवीपर्यंत तिथल्या मराठी शाळेत काढलेली वर्षे आता लेकीच्या कामी येतात. त्यासाठी शाळेत जाऊन आईच्या नावाचा अभ्यास दाखला काढावा लागतो, लग्नाआधीचे आणि नंतरचे नाव जुळवावे लागते, गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते. चाळीस वर्षांपूर्वीचे हजेरी रजिस्टर शोधायला हेडमास्तरांना वेळ लागतो. हे काम अकरावीत असतानाच उरकून घ्यावे. निकालानंतर मग पळापळ होते आणि तारीख हुकते.

या रांगा आल्या कुठून, हे थोडक्यात सांगायला हवे. बेळगावात केएलएसचे गोगटे इन्स्टिट्यूट, म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नातले जीआयटी, आणि केएलईचे शेषगिरी अभियांत्रिकी ही दोन्ही कॉलेजे १९७९ सालची. महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकीला १९८३ मध्ये, वसंतदादा पाटलांच्या काळात दार उघडले. त्या दिवसांत खासगी कॉलेजातली जागा म्हणजे देणगीचा मामला होता. कर्नाटकने १९८४ साली कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा केला, तरी फीच्या पायऱ्या राहिल्याच. तुमकूरच्या खासगी मेडिकल कॉलेजात सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये, राज्यातल्या मुलांना २५,००० आणि बाहेरच्यांना ६०,००० असा दर होता. मेरठच्या मोहिनी जैन यांनी त्याला आव्हान दिले आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने खासगी कॉलेजातही गुणवत्तेच्या जागा वेगळ्या काढायला लावल्या, आणि १९९४ पासून कर्नाटकची सीईटी सुरू झाली. आज खासगी अभियांत्रिकी कॉलेजाच्या जागा साधारण तीन वाट्यांत विभागलेल्या दिसतात: सरकारी कोटा, कॉमेडकेचा, म्हणजे खासगी कॉलेजांच्या संघटनेच्या परीक्षेचा, कोटा आणि व्यवस्थापनाचा कोटा. सर्वसाधारण प्रमाण ४५, ३० आणि २५ टक्के. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या तिघांनी तीन वेगळ्या रांगांतून येऊन तीन वेगळ्या फिया भरलेल्या असतात.

रांग कळली की दुसरा प्रश्न मापाचा, कारण प्रत्येक रांगेत उंची मोजायची पट्टी निराळी आहे.

कर्नाटकच्या सीईटीत अभियांत्रिकीसाठी निम्मे वजन पीयूसीच्या भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणिताच्या गुणांना आणि निम्मे सीईटीला. सीईटी १८० गुणांची, प्रत्येक विषयाला ६० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीत बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते असतात, रांग लागते ती सीईटीच्या पर्सेंटाइलवर. हा फरक कागदावर मांडून बघितल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही. समजा, एकीला पीयूसीच्या तीन विषयांत ९५ टक्के आहेत आणि सीईटीत १८० पैकी ९०, म्हणजे ५० टक्के. दोन्हींची सरासरी ७२.५. दुसऱ्याला पीयूसीत ८० टक्के आणि सीईटीत ११०, म्हणजे ६१.१ टक्के. त्याची सरासरी ७०.६ च्या आसपास. सीईटीत वीस गुण जास्त असूनही कर्नाटकात तो तिच्या मागे. हीच दोन मुले महाराष्ट्राच्या सीईटीत अशाच फरकाने उतरली तर तो तिच्या पुढे. पीयूसीतला एक टक्का म्हणजे सीईटीतले जवळजवळ दोन प्रश्न, नेमके सांगायचे तर १.८. वर्गात नेटाने अभ्यास करणाऱ्या, पण घड्याळ लावून प्रश्न सोडवताना गडबडणाऱ्या मुलासाठी कर्नाटकची रांग अनुकूल आहे. शाळेत कंटाळणाऱ्या, पण पर्यायी प्रश्नांत तरबेज असलेल्याने कोल्हापूर-सांगलीकडे जरूर बघावे. बेळगावच्या मुलाला यातली एक निवडायची सक्ती नाही, त्याने दोन्ही परीक्षा द्याव्यात.

या अर्ध्या-अर्ध्या वजनाचे महत्त्व २०२२ साली साऱ्या राज्याला कळले. कोविडमुळे २०२१ ची पीयूसी परीक्षाच झाली नव्हती, म्हणून त्या वर्षी रांग फक्त सीईटीवर लागली. पुढच्या वर्षी त्याच तुकडीतली हजारो मुले पुन्हा सीईटीला बसली आणि केईएने त्यांचे पीयूसीचे गुण धरले नाहीत. ऱ्यांक इतकी घसरली की मुले उच्च न्यायालयात गेली, प्रवेश लांबले, आणि न्यायालयात गुणांचे सूत्र बदलून तोडगा काढावा लागला.

गुणांवर विसंबू नका, असे मी पालकांना आग्रहाने सांगतो, ते अशा वर्षांमुळेच. २०२४ च्या कर्नाटक सीईटीत अभ्यासक्रमाबाहेरचे ५० प्रश्न वगळावे लागले: रसायनशास्त्र आणि गणिताचे पंधरा-पंधरा, जीवशास्त्राचे अकरा, भौतिकशास्त्राचे नऊ. त्या वर्षीच्या गुणांची आधीच्या वर्षाशी तुलना करणे व्यर्थ होते. नीटचे उदाहरण तर याहून बोलके. २०२४ मध्ये निकाल सुधारल्यानंतरही ७२० पैकी ७२० मिळवणारे १७ जण होते. २०२५ मध्ये पेपर असा निघाला की देशात पहिल्या आलेल्याचे गुण ६८६. खुल्या गटाची पात्रतेची रेषा २०२४ मध्ये १६२ होती, ती २०२५ मध्ये १४४ वर आली. ‘गेल्या वर्षी अमक्याला इतक्या गुणांना लागले’ हे वाक्य म्हणून धोक्याचे. गेल्या वर्षी अमक्याला कितव्या क्रमांकाला लागले, हे विचारावे.

पर्सेंटाइललाही हेच लागू. ९७ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले तीन जण पुढे. परीक्षेला तीन लाख बसले तर पुढे नऊ हजार, चार लाख बसले तर बारा हजार. आकडा तोच, पण पुढे तीन हजार माणसे वाढली. महाराष्ट्राच्या पीसीएम गटाला २०२५ मध्ये चार लाखांहून जास्त मुले बसली. अशा वेळी पर्सेंटाइल बाजूला ठेवून गुणवत्ता यादीतला क्रमांकच बघावा.

आता कटऑफची यादी हातात घेऊ. केईए ही यादी दर फेरीनंतर जाहीर करते. कॉलेजाच्या नावाखाली शाखा, आणि शाखेसमोर आडव्या रांगेत लहान-लहान रकाने. प्रत्येक रकान्यावर दोन-तीन अक्षरे: जीएम, जीएमआर, जीएमके, २एजी, ३बीजी, ३बीआर, ३बीके. खाली आकडा, म्हणजे त्या रकान्यातली शेवटची जागा ज्याला मिळाली त्याची ऱ्यांक. जीएम म्हणजे सर्वसाधारण गुणवत्ता, २ए आणि ३बी हे मागासवर्गांचे प्रवर्ग, त्यांपुढचा ‘जी’ म्हणजे त्या प्रवर्गातली सर्वसाधारण जागा. शेवटचा ‘आर’ म्हणजे ग्रामीण: पहिली ते दहावी कर्नाटकातल्या ग्रामीण भागात शिकलेल्यांना प्रत्येक प्रवर्गात १५ टक्के. ‘के’ म्हणजे कन्नड माध्यम, पाच टक्के. मराठा समाज कर्नाटकात ३बी प्रवर्गात आहे.

या अक्षरांतून मुलाची ओळख कशी तयार होते बघा. उचगावात मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेला मराठा समाजाचा मुलगा ३बीआरच्या रकान्यात बघू शकतो. त्याच्याच आडनावाचा, शहरात वाढलेला चुलत भाऊ ३बीजीमध्ये. मराठी माध्यमाला ‘के’ लागू नाही, हे सांगायला नकोच. एकाच आज्याच्या दोन नातवांची ऱ्यांक एक असली तरी रकाना दोन, आणि दोन रकान्यांतल्या शेवटच्या आकड्यांत बराच फरक पडू शकतो. बाप मात्र यादीतला पहिला, जीएमचा आकडा बघून ‘आपलं काय लागत नाही’ म्हणून कागद मिटवतो. कागद मिटवण्याआधी बोट उजवीकडे न्यावे, आपल्या रकान्यापर्यंत.

एका वर्षाचा आकडा पुरत नाही. शेवटच्या तीन वर्षांचे, तेही शेवटच्या फेरीचे आकडे एका ओळीत लिहावेत. समजा ते अकरा हजार, चौदा हजार आणि तेरा हजार आले. तुमची ऱ्यांक दहा हजार असेल तर शक्यता भक्कम, साडेबारा असेल तर खरोखर दोलायमान, अठरा असेल तर कॉलेजात नव्या तुकडीला मान्यता मिळाल्याशिवाय अवघड. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत आकडा किती सरकला, हेही लिहावे. तो सरकतो कारण पुढची मुले रांग सोडतात: कुणी एनआयटीला जाते, कुणी नीटनंतर मेडिकलला, कुणी पुण्याला. कॉम्प्युटर सायन्सचा आकडा बेळगावात कमी सरकतो आणि सिव्हिलचा भरपूर, हे पालक अनुभवाने जाणतात. यादीत ते आकड्यांनी दिसते.

जातीचा दाखला राज्याची हद्द ओलांडत नाही. पुष्कळ घरांचा हिशेब इथेच चुकतो. १९९० साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे प्रकरण आले. आंध्रात अनुसूचित जमातीत मोडणाऱ्या विद्यार्थ्याने वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत राहून महाराष्ट्रातल्या राखीव जागेवर हक्क सांगितला होता. एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. म्हणून निपाणीच्या मुलाने ३बी किंवा २एचा दाखला घेऊन कोल्हापूरच्या कॉलेजचा राखीव कटऑफ बघू नये. कर्नाटकात त्याच्या हातात प्रवर्ग असतो, महाराष्ट्रात सीमाभागाची ओळख असते. कुठल्या कागदाला कुठल्या गावात किंमत आहे, हे दोन वेगळ्या वह्यांत लिहून ठेवलेले बरे.

मेडिकलच्या बाबतीत बेळगाव शहरातच दोन रांगा शेजारी-शेजारी आहेत. सरकारी मेडिकल कॉलेज बिम्स राज्याच्या रांगेत येते: पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात, बाकीच्या केईएकडून, सरकारी फीने. केएलईचे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ चे, जुने, नावाजलेले. पण ते २००६ पासून अभिमत विद्यापीठाचा भाग आहे, त्यामुळे तिथल्या जागा केंद्रीय समुपदेशनातून देशभरातल्या मुलांना मिळतात. नेहरूनगरात घर असलेल्या मुलीला तिथे शेजारीण म्हणून काहीही वेगळे नाही. तिची खरी लढत बिम्ससाठी राज्यातल्या मुलांशी असते, आणि समोरच्या कॉलेजात देशभरातल्या मुलांशी, वर फीची रक्कम. दोन्ही शक्यता एकाच दमात बोलल्या जातात, पण त्यांचा हिशेब वेगळा मांडायला हवा.

सगळे मोजून झाले की पर्यायांची यादी भरायची वेळ येते, आणि इथे शहाणी माणसे घाबरून चुका करतात. “आधी लागण्यासारखं टाकूया, मोठं कॉलेज वर टाकलं तर खालचंही हातचं जाईल” ही समजूत साऱ्या सीमाभागात पक्की बसलेली आहे. ती चूक आहे. संगणक ऱ्यांकच्या क्रमाने प्रत्येक विद्यार्थ्याकडे येतो, त्याच्या यादीत वरून खाली बघतो आणि शिल्लक असलेली पहिली जागा देतो. वरचा पर्याय भरलेला असेल तर तो खालच्याकडे जातो. वर मोठे नाव लिहिल्याने खालच्या पर्यायावरचा हक्क एका केसानेही कमी होत नाही. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली कॉलेज प्रवेश आणि विवाह जुळवणी यांवर एकत्र निबंध लिहिला, आणि अशा वाटपांचे गणित त्यातून उभे राहिले. शॅप्ली यांना २०१२ मध्ये अल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्यासारख्या एकाच गुणवत्ता यादीच्या व्यवस्थेत त्याचा अर्थ सरळ आहे: यादी आवडीच्या क्रमाने भरावी आणि लांब भरावी. यादी अपुरी भरली तर मात्र नुकसान ठरलेले. महाराष्ट्रात तर पहिला पर्याय मिळाला की तो घ्यावाच लागतो, म्हणून मनापासून नको असलेले कॉलेज पहिले लिहिणे म्हणजे स्वतःच्या हाताने पाय अडकवणे.

कर्नाटकात जागा मिळाल्यावर चार पर्याय असतात. पहिला, जागा घेतली आणि संपले. दुसरा, जागा धरून ठेवायची आणि वरचे मिळते का बघायचे. तिसरा, ही सोडायची पण पुढच्या फेरीत राहायचे. चौथा, बाहेर पडायचे. दुसरा पर्याय सीमाभागातल्या मुलासाठी फार उपयोगी आहे, कारण इकडची जागा हातात ठेवून त्याला महाराष्ट्राच्या फेऱ्यांचीही वाट बघता येते. तिसऱ्यात धोका खरा आहे, तो ऱ्यांक चांगली असल्याशिवाय घेऊ नये. एका राज्यात प्रवेश घेऊन ठरलेल्या शेवटच्या तारखेआधी सोडला, तर एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे अभियांत्रिकी कॉलेजला हजार रुपयांपर्यंतच कापून बाकी फी परत द्यावी लागते. हे तोंडी बोलून भागत नाही. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

अमेरिकेत स्थायिक झालेले नातेवाईक सुट्टीला आले की त्यांच्या मुलांच्या प्रवेशाच्या गोष्टी सांगतात, आणि इथली मुले हिरमुसतात. तिथल्या मोठ्या विद्यापीठांत निबंध, शिफारशी, खेळ, घरची परिस्थिती असे सगळे बघून माणसे निर्णय घेतात. हार्वर्डला अर्ज करणाऱ्या शंभरातल्या जेमतेम तीन-चार जणांना दार उघडते, आणि ते तीन-चार कोण हे कुठल्याही यादीतून आधी सांगता येत नाही. आपली व्यवस्था कठोर आहे, तिच्यात गरीब मुलावर अन्यायही होतो. पण तिच्यात निदान रांग दिसते. ऱ्यांक जाहीर असते, मागच्या वर्षीचे शेवटचे आकडे जाहीर असतात, मॉक अलॉटमेंट येते. बेळगावच्या विणकराची मुलगी आणि बेंगळुरूच्या अधिकाऱ्याचा मुलगा एकच यादी उघडून बघू शकतात. ही पारदर्शकता वापरली पाहिजे. चौकाचौकांत जूनमध्ये लागणाऱ्या क्लासच्या फलकांवर मात्र ती नसते. तिथे लागलेल्या मुलांचे फोटो असतात, एकूण किती बसली होती तो आकडा नसतो. तो आकडा विचारल्याशिवाय फलकावरून शक्यता ठरवता येत नाही.

राहिला पैसा. मिळणारी पण परवडत नसलेली जागा ही शक्यता नव्हेच, आणि याची चर्चा मुलापासून लपवण्यात अर्थ नाही. कर्नाटकच्या सीईटीत एसएनक्यू नावाच्या जागा असतात: मंजूर संख्येच्या वर पाच टक्के, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या गुणवंत मुलांसाठी, शिकवणी फी माफ. कॉमेडकेच्या किंवा व्यवस्थापनाच्या जागेची फी ऐकून ज्या घरात ‘डिप्लोमा कर’ असे म्हटले जाते, त्याच घरातल्या मुलाला ही जागा मिळू शकते. तिच्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि केईए त्यावरचा आरडी नंबर तपासते. दाखला नाडकचेरीत मिळतो. एप्रिलमध्ये गेलात तर रांग छोटी असते. जूनमध्ये सारा तालुका तिथे असतो, सर्व्हर बंद पडतो, तलाठी जागेवर नसतो, आणि कागदपत्रे चढवायची मुदत त्याच आठवड्यात संपत असते.